कुंपणाच्या आत गुन्हा झाला, तर खटला कुणाचा?

१९४२ साली अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात, कॅम्प क्लेबोर्न नावाच्या लष्करी तळावर झालेल्या बलात्काराबद्दल तीन कृष्णवर्णीय सैनिकांवर खटला चालला. खटला फेडरल न्यायालयात होता, म्हणजे तिथल्या केंद्र सरकारच्या न्यायालयात. तिघांनाही देहदंडाची शिक्षा झाली. पुढच्या वर्षी, मे १९४३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की हा खटला चालवण्याचा फेडरल न्यायालयाला अधिकारच नव्हता. पुरावा खरा की खोटा, साक्षीदार विश्वासार्ह की नाही, या प्रश्नांपर्यंत न्यायालय पोचलंच नाही. सगळं अडलं होतं एका पत्रावर. ते पत्र सरकारनं पाठवलेलंच नव्हतं.

तळाची जमीन केंद्राची होती. फाटकावर लष्कराचा पहारा होता. आरोपी लष्कराचे होते. तरीही तिथे झालेल्या गुन्ह्याचा खटला केंद्राच्या न्यायालयात चालू शकला नाही. हे आपल्याला विचित्र वाटतं, कारण 'मिलिटरीची जागा' म्हटलं की तिथे सगळं मिलिटरीचंच चालतं, असं आपण धरून चालतो. अमेरिकेत तसं नाही. तिथे लष्करी जमिनीच्या प्रत्येक तुकड्याबद्दल वेगळा प्रश्न विचारावा लागतो: इथे गुन्हा घडला तर कायदा कुणाचा लागू होणार?

जमीन कुणाच्या नावावर आणि गाव कुठल्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत, या दोन गोष्टींची आपण एरवी गल्लत करत नाही. सातबाऱ्यावर माझं नाव आहे म्हणून माझ्या शेतात झालेल्या मारामारीचा निवाडा मी करत नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारची आपल्याच देशातल्या जमिनीवरची स्थिती पुष्कळदा अशीच असते. सातबारा केंद्राचा, हद्द राज्याची.

त्याचं कारण समजायला आपल्याकडची सवय थोडी बाजूला ठेवावी लागते. भारतात भारतीय न्याय संहिता काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच. पुण्याच्या कॅम्पात चोरी झाली काय किंवा भोरला झाली काय, कलम तेच. कॅम्पातल्या पोलीस ठाण्याचं नावच 'लष्कर पोलीस ठाणे' आहे, पण ते आहे पुणे शहर पोलिसांचं. आपल्याकडे वाद होतो तो आरोपी जवान असेल तर कोर्ट मार्शल करायचं की साध्या न्यायालयात न्यायचं, एवढाच, आणि त्यासाठी १९५० च्या सेना अधिनियमात कलमं आहेत. जमीन कुठली, हा प्रश्न तिथे फारसा येत नाही.

अमेरिकेत खून, चोरी, मारामारी, दारू पिऊन गाडी चालवणं हे सगळं मुळात राज्यांच्या कायद्याचं काम. पन्नास राज्यं, पन्नास दंडसंहिता. केंद्राचा स्वतःचा फौजदारी कायदा आहे, पण तो ठरावीक विषयांपुरता. त्यामुळे राज्याच्या मधोमध केंद्राची जमीन आली की पहिला प्रश्न हाच, की राज्याचा कायदा कुंपणापाशी थांबतो की आत जातो.

थांबायचं कारण राज्यघटनेतच आहे, आणि त्यामागे पगार थकलेल्या सैनिकांची एक गोष्ट आहे. जून १७८३ मध्ये फिलाडेल्फियात थकबाकी मागणाऱ्या सैनिकांनी काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, भरली होती त्या इमारतीला वेढा घातला. काँग्रेसनं पेनसिल्व्हेनिया राज्याला म्हटलं, तुमचं नागरी सैन्य बोलवा. राज्यानं बोलवलं नाही. देशाचं सरकार मुकाट्यानं फिलाडेल्फिया सोडून न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनला निघून गेलं. यजमानाच्या घरात राहायचं तर यजमानाची मर्जी सांभाळावी लागते, हा धडा घटनाकारांच्या चांगलाच लक्षात राहिला. घटनेत त्यांनी लिहून ठेवलं की राजधानीसाठी जास्तीत जास्त दहा मैल लांब आणि दहा मैल रुंद एवढा प्रदेश असेल आणि तिथे सगळे कायदे काँग्रेसच करेल. त्याच वाक्याच्या शेपटाला आणखी एक गोष्ट जोडली: किल्ले, दारूगोळ्याची कोठारं, शस्त्रागारं, गोद्या आणि 'इतर आवश्यक इमारती' यांसाठी राज्याच्या विधिमंडळाच्या संमतीनं विकत घेतलेल्या जागेवरही काँग्रेसचा तसाच अधिकार राहील.

त्या शेपटातला 'संमतीनं' हा शब्द पुढची दोनशे वर्षं वकिलांना पुरला.

संमती दिली की राज्याचा कायदा तिथून हटला, असा सरळ अर्थ सुरुवातीला लावला गेला. १८४१ मध्ये काँग्रेसनं ठरवलं की राज्याची संमती मिळाल्याशिवाय नव्या जागेवर बांधकामाला सरकारी पैसा खर्च करायचा नाही. मग काय, राज्यं भराभर संमती देत गेली. किल्ला म्हणजे रोजगार, गोदी म्हणजे व्यापार. अशा शेकडो जागा तयार झाल्या जिथे राज्याचा कायदा अधिकृतपणे संपत होता. कायद्याच्या भाषेत त्यांना एन्क्लेव्ह म्हणतात. नकाशावर राज्याच्या पोटात असलेलं केंद्राचं बेट, असं समजा.

पण सगळी जमीन विकत घेतलेली नव्हती. कॅन्सस राज्यातल्या फोर्ट लेव्हनवर्थची गंमत बघा. हा किल्ला १८२७ चा. तेव्हा कॅन्सस हे राज्यच नव्हतं, सगळा मुलूख केंद्राचा. १८६१ मध्ये कॅन्सस राज्य झालं तेव्हा 'किल्ल्याची जागा आमच्याकडे ठेवतो' असं लिहून ठेवायचं केंद्र विसरलं. चक्क विसरलं. त्यामुळे एका रात्रीत किल्ल्याच्या आत कॅन्ससचा कायदा लागू झाला. चौदा वर्षांनी, १८७५ मध्ये, चूक निस्तरायला कॅन्ससच्या विधिमंडळानं अधिकार केंद्राला परत दिला, पण देताना दोन गोष्टी हातात ठेवल्या: न्यायालयाच्या नोटिसा आत बजावण्याचा हक्क आणि तिथून जाणाऱ्या रेल्वे कंपन्यांवर कर लावण्याचा हक्क. कर आला तेव्हा रेल्वे कंपनी म्हणाली, जागा केंद्राची, राज्याचा कर इथे चालत नाही. १८८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीला परत पाठवलं. राज्य स्वतःहून अधिकार देतं आहे, तर अटी घालूनही देऊ शकतं, असा तो निकाल. १९३७ मध्ये न्यायालय आणखी पुढे गेलं आणि विकत घेतलेल्या जागेबाबतही राज्य संमती देताना काही अधिकार स्वतःकडे ठेवू शकतं, असं म्हणालं.

हे दोन निकाल नसते तर सामाईक अधिकार ही कल्पना जन्मलीच नसती. अधिकार सगळा द्यायचा किंवा काहीच द्यायचा नाही, एवढेच दोन पर्याय राहिले असते. वाटून घेता येतो हे ठरल्यावर चार प्रकार पडले. पहिला, पूर्ण अधिकार केंद्राचा, राज्य बाहेर. दुसरा, काही गोष्टी राज्याकडे, बाकी केंद्राकडे. लेव्हनवर्थचा करार हा असा. तिसरा सामाईक, म्हणजे गुन्हा एक आणि दोघांनाही खटला चालवण्याचा अधिकार. आपल्या राज्यघटनेतल्या समवर्ती सूचीसारखं वाटतं खरं, पण तिथे विषय वाटले आहेत आणि इथे जमीन. चौथ्या प्रकारात केंद्राची नुसती मालकी असते आणि फौजदारी अधिकार सगळा राज्याचा. तरी सरकारी मालाची चोरी किंवा तळावर बेकायदा घुसणं असे केंद्राचे खास गुन्हे तिथेही गुन्हेच राहतात.

हे चारही प्रकार एकाच तळावर असू शकतात. मोठे तळ एकदम विकत घेतलेले नसतात. एक तुकडा १९१८ मध्ये, दुसरा १९४१ मध्ये, एखादं कुरण नंतर कधीतरी. प्रत्येकाचा करार वेगळा, म्हणून हद्दही वेगळी. धावपट्टीच्या एका टोकाला केंद्राचा कायदा आणि दुसऱ्या टोकाला राज्याचा, असं होऊ शकतं. खटल्यात सरकारी वकिलाला कधीकधी शंभर वर्षांपूर्वीचं खरेदीखत काढून न्यायाधीशांना दाखवावं लागतं, की गुन्हा घडला ती जागा या खतातली आहे.

आता त्या न पाठवलेल्या पत्राकडे येऊ. १९४० च्या सुरुवातीला युरोपात युद्ध पेटलं होतं. तोपर्यंतचा नियम असा होता की राज्यानं अधिकार दिला आणि तो केंद्राच्या फायद्याचा असला, तर केंद्रानं तो घेतलाच असं मानायचं. १ फेब्रुवारी १९४० च्या कायद्यानं हे उलटं केलं. यापुढे केंद्रानं राज्याला लेखी कळवलं पाहिजे की हा अधिकार आम्ही स्वीकारतो, सहसा राज्यपालांना पत्र पाठवून. पत्र नसेल तर अधिकार घेतलाच नाही असं पक्कं समजायचं. कॅम्प क्लेबोर्नसाठी पत्र गेलंच नव्हतं. सरकारी वकिलांनीही सर्वोच्च न्यायालयात हे मान्य केलं. सैनिकांच्या बाजूच्या वकिलांमध्ये थर्गुड मार्शल होते. पुढे १९६७ मध्ये ते याच न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले. निकालानंतर त्या तिघांची सुटका मात्र झाली नाही. लष्करानं त्यांचं कोर्ट मार्शल केलं.

ते कसं काय चाललं? जमिनीवर अधिकार नव्हता ना? चाललं, कारण कोर्ट मार्शलला जमीन लागतच नाही. लष्करी कायदा वर्दीला चिकटलेला असतो, मातीला नाही. सैनिक जिथे जाईल तिथे तो त्याच्याबरोबर जातो. मध्यंतरी, १९६९ ते १९८७ या काळात, सर्वोच्च न्यायालयानं अट घातली होती की गुन्ह्याचा लष्करी सेवेशी संबंध हवा. १९८७ मध्ये अलास्कातल्या एका तटरक्षक दलाच्या जवानाच्या प्रकरणात ती अट गेली. त्या जवानाचा गुन्हा त्याच्या खासगी घरात घडलेला होता, तळावर नव्हे. न्यायालय म्हणालं, तो सेवेत होता, तेवढं बस.

म्हणजे हिशेब तीन पक्षांचा आहे. राज्य आणि केंद्र जमिनीकडे बघतात. लष्कर माणसाकडे बघतं. आरोपी सैनिक नसेल, म्हणजे एखाद्या सैनिकाची बायको, मुलगा, कंत्राटदार, पाहुणा किंवा फाटक चुकून आत आलेला ड्रायव्हर असेल, तर तिसरा पक्ष बाजूला होतो आणि सगळा भार जमिनीच्या कागदावर पडतो.

त्यातही केंद्राची एक अडचण होतीच. पूर्ण केंद्रीय अधिकाराच्या बेटावर राज्याचा कायदा नाही आणि केंद्राच्या कायद्यात तर बऱ्याच साध्या गुन्ह्यांचा उल्लेखच नाही. मग तिथे एखादा गुन्हा करून कुणी मोकळा सुटायचा का? यावर १८२५ मध्येच एक तोडगा काढला गेला. जिथे केंद्राचा कायदा गप्प आहे, तिथे त्या राज्याचा कायदा उसना घ्यायचा आणि केंद्राच्या न्यायालयात लावायचा. कलम राज्याचं, खटला केंद्राचा. सुरुवातीला फक्त कायदा केला त्या दिवशीचेच राज्याचे कायदे उसने घेता येत; नवे कायदे झाले की काँग्रेसला पुन्हा सगळं नव्यानं मंजूर करावं लागे. १९४८ मध्ये म्हटलं गेलं की गुन्ह्याच्या दिवशी राज्यात जो कायदा असेल तोच लागू. टेक्सासातल्या रँडॉल्फ हवाई दल तळावरच्या एका प्रकरणात १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे मान्य केलं.

उसनवारीला मर्यादा आहे, तीही सांगायला हवी. लुइझियानातल्याच फोर्ट पोकवर एका लहान मुलीचा खून झाला. राज्याच्या कायद्यात बालकाच्या खुनाला जन्मठेप ठरलेली होती, म्हणून खालच्या न्यायालयानं तो कायदा लावला. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, खुनाबद्दल केंद्राचा स्वतःचा कायदा आहे, तिथे रिकामी जागाच नाही. भोक असेल तर ठिगळ लावा, धड कापडावर दुसरं कापड शिवू नका, असा त्याचा मथितार्थ.

या सगळ्या यंत्रणेची सर्वांत गाजलेली कसोटी म्हणजे नॉर्थ कॅरोलायनातल्या फोर्ट ब्रॅगवरचं मॅकडोनाल्ड प्रकरण. (हा तळ २०२३ मध्ये फोर्ट लिबर्टी झाला आणि २०२५ मध्ये पुन्हा फोर्ट ब्रॅग. नावाचं असं, तर हद्दीचं काय होईल?) १७ फेब्रुवारी १९७० च्या पहाटे तळावरच्या घरात लष्करी डॉक्टर कॅप्टन जेफ्री मॅकडोनाल्डची गरोदर बायको आणि दोन लहान मुली मारल्या गेल्या. हल्लेखोर बाहेरून आले होते, असं तो सांगत राहिला, आणि आजही सांगतो. लष्करानं त्याच्यावर आरोप ठेवले, प्राथमिक चौकशी घेतली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आरोप मागे घेतले. डिसेंबरमध्ये तो सन्मानानं सेवामुक्त झाला.

इथे लष्कराचा रस्ता कायमचा बंद झाला. वर्दी उतरवलेल्या माणसाचं सेवेतल्या गुन्ह्यासाठी कोर्ट मार्शल करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९५५ मध्येच सांगितलेलं होतं. राज्याच्या सरकारी वकिलाचं तर तिथे काही चालतच नव्हतं, कारण घर तळाच्या कुंपणात होतं आणि ती हद्द केंद्राची होती. उरलं फक्त केंद्राचं न्यायालय. जानेवारी १९७५ मध्ये त्याच्यावर केंद्राच्या खुनाच्या कायद्याखाली आरोपपत्र आलं आणि १९७९ मध्ये रॅलीतल्या फेडरल न्यायालयात तो दोषी ठरला. 'एवढा उशीर म्हणजे वेळेत खटला चालवण्याच्या माझ्या हक्काचा भंग,' हा त्याचा युक्तिवाद १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फेटाळला: लष्करानं आरोप सोडले त्या दिवशी घड्याळ थांबलं, नव्या आरोपपत्राच्या दिवशी पुन्हा सुरू झालं.

पूर्ण केंद्रीय अधिकार किती अरुंद असतो हे या प्रकरणात दिसतं. एक दार बंद झालं की दुसरं एकच उरतं, आणि त्या दारातल्या माणसाला स्वारस्य नसेल तर सगळं थांबतं. अशी प्रकरणं वारंवार आली की लोकांना शहाणपण सुचतं, पण १९५० च्या दशकात ते वेगळ्याच कारणानं सुचलं: शाळा. मेरीलँडमधल्या पेरी पॉइंट इथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयाच्या आवारात राहणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना गावच्या शाळेनं घेतलं नाही, कारण ती मुलं 'राज्यात' राहतच नव्हती. त्यानंतर केंद्रानं सगळ्या खात्यांची एक समिती बसवली. तिचा अहवाल १९५६ आणि १९५७ मध्ये दोन भागांत आला. निष्कर्ष थोडक्यात असा की केंद्राला पूर्ण अधिकाराची गरज फारच क्वचित असते. बहुतेक ठिकाणी नुसती मालकी पुरे, आणि जिथे कायदा राबवायची खरी गरज आहे तिथे सामाईक अधिकार घ्यावा.

समितीनं सांगितलं, पण जुनी बेटं तशीच राहिली. परत द्यायची कुणाला घाई नव्हती आणि राज्यांनाही नव्या जबाबदारीची हौस नव्हती. साठ वर्षांनी या आळसाची किंमत मुलांनी मोजली. २०१८ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं तळांवर मुलांनीच मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांच्या शेकडो प्रकरणांचा शोध घेतला. बऱ्याच प्रकरणांत तोच घोटाळा. अत्याचार करणारा बारा-तेरा वर्षांचा, म्हणजे कोर्ट मार्शल नाही. तळ पूर्ण केंद्रीय, म्हणजे राज्याचं बालन्यायालय नाही. केंद्राच्या न्यायव्यवस्थेत बालगुन्हेगारांसाठी वेगळी न्यायालयं नाहीत, समुपदेशक नाहीत, सुधारगृहंही बाहेरून कंत्राटानं घ्यावी लागतात. त्यात भर म्हणजे तिथला कायदाच सांगतो की राज्याला अधिकार असेल तर केंद्रानं मुलांच्या प्रकरणात सहसा पडू नये. त्यामुळे केंद्राचे वकील फाइल बाजूला ठेवत. ज्या मुलावर अत्याचार झाला त्याला न्याय नाही, आणि ज्यानं केला त्याला उपचार नाहीत. मला वाटतं, या सगळ्या विषयात 'पूर्ण अधिकार' हा शब्दच फसवा आहे. कागदावर सर्वांत भक्कम दिसणारा अधिकार प्रत्यक्षात सर्वांत पोकळ निघाला.

त्याच वर्षी काँग्रेसनं संरक्षण खात्याला अशा प्रकरणांसाठी धोरण ठरवायला लावलं. नंतर हे खातं, म्हणजे पेंटॅगॉन, राज्याराज्यांत जाऊन सांगू लागलं की निदान अल्पवयीन मुलांच्या गुन्ह्यांपुरता तरी अधिकार सामाईक करून घ्या, आणि बऱ्याच राज्यांनी तसे कायदे केले. पद्धत अशी: त्या सेनादलाचा नागरी प्रमुख, म्हणजे लष्कराचा, नौदलाचा किंवा हवाई दलाचा सेक्रेटरी, राज्यपालांना लेखी कळवतो की आम्ही एवढ्या जागेवरचा एवढा अधिकार सोडतो. राज्य आपल्या कायद्यानं तो स्वीकारतं. पुन्हा एक पत्रच. फक्त या वेळी उलट दिशेनं.

सामाईक झालं म्हणजे प्रश्न मिटला असं नाही. पहिला प्रश्न: एकाच गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा होईल का? होऊ शकते. अमेरिकेत राज्य आणि केंद्र ही दोन वेगळी सार्वभौम सत्ता मानली जातात, त्यामुळे दोघांनी एकाच कृत्यासाठी स्वतंत्र खटला चालवला तर 'एका गुन्ह्याला दोन खटले नकोत' हा घटनेतला नियम आड येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध दोन मतांनी हेच पुन्हा सांगितलं. पण लष्कर आणि केंद्राचं नागरी न्यायालय या एकाच सत्तेच्या दोन शाखा. कोर्ट मार्शलमध्ये निर्दोष ठरलेल्या सैनिकाला त्याच गुन्ह्यासाठी केंद्राच्या दुसऱ्या न्यायालयात ओढता येत नाही, हे १९०७ पासून ठरलेलं आहे. फिलिपीन्समधल्या एका अमेरिकी सैनिकाच्या प्रकरणात ते ठरलं. मॅकडोनाल्डला याचा फायदा मिळाला नाही कारण त्याचं कोर्ट मार्शल कधी झालंच नव्हतं. चौकशी झाली होती, खटला नाही.

दुसरा प्रश्न व्यवहाराचा. अधिकार दोघांचा असला तरी फोन कुणी उचलायचा? काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचा, शेरीफ हा तिथला पोलीस प्रमुख. तो तळाकडून मालमत्ता कर घेत नाही, कारण केंद्राच्या जमिनीवर राज्य कर लावू शकत नाही. मग रात्री दोन वाजता तळावरचं घरगुती भांडण मिटवायला त्यानं आपली गाडी का पाठवावी? सामाईक अधिकार म्हणजे 'येऊ शकतो', 'आलंच पाहिजे' असं नव्हे. म्हणून बहुतेक ठिकाणी तळाचा कमांडर, स्थानिक सरकारी वकील आणि केंद्राचे वकील आपसांत लेखी समजुती करतात: सैनिक असेल तर आधी लष्कर बघेल, मुलं असतील तर राज्य, किरकोळ गुन्हा करणारा नागरिक असेल तर केंद्राचं छोटं न्यायालय. ही समजूत नसेल तर चांगल्या कायद्याचाही उपयोग नाही.

किरकोळ म्हणजे किती किरकोळ? समजा तुमची भाची व्हर्जिनियात राहते आणि नौदलाच्या तळावर नोकरीला असलेल्या मैत्रिणीला सोडायला आत गेली. वेगमर्यादा ताशी पंचवीस मैल, तिची गाडी सेहेचाळीस. लष्करी पोलीस थांबवतो आणि हातात डीडी फॉर्म १८०५ ठेवतो. बाहेरच्या रस्त्यावर हीच पावती राज्याच्या न्यायालयाची असती. इथे ती फेडरल मॅजिस्ट्रेटपुढची, म्हणजे केंद्राच्या त्या छोट्या न्यायालयातली. व्हर्जिनियाच्या कायद्यात मर्यादेपेक्षा वीस मैल जास्त वेग म्हणजे नुसता दंड नव्हे, तर बेदरकारपणाचा फौजदारी गुन्हा, आणि तोच उसना कायदा इथे तिला लागतो. साध्या पावत्यांचा दंड जातो टेक्सासातल्या सॅन अँटोनियोच्या एका केंद्रीय कार्यालयात. समोर सरकारी वकील म्हणून उभा असलेला माणूस बऱ्याचदा तळाचाच वर्दीतला विधी अधिकारी असतो, ज्याला त्या कामापुरता केंद्राचा वकील म्हणून नेमलेलं असतं. व्हर्जिनियातल्या वाहनचालकांना हे ठाऊक असतं. नवख्याला पहिल्यांदा धक्का बसतो.

हद्दीचा नकाशा अजून हलतोच आहे. एप्रिल २०२५ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या मेक्सिको सीमेलगतची सुमारे १,१०,००० एकर सरकारी जमीन तीन वर्षांसाठी लष्कराकडे सोपवली गेली आणि ॲरिझोनातल्या फोर्ट वाचूकाचा भाग ठरली. त्यानंतर सीमा ओलांडणाऱ्यांवर लष्करी क्षेत्रात बेकायदा शिरल्याचे आरोपही लागू लागले. इथे राज्याची संमती लागली नाही, कारण कुणाचा फौजदारी अधिकार हलवला गेला नव्हता. केंद्रानं आपल्याच जमिनीवर आपला घुसखोरीचा कायदा वापरला. मे महिन्यात न्यू मेक्सिकोतल्या फेडरल मॅजिस्ट्रेटनं त्यातले बरेच आरोप रद्द केले. कारण असं की वाळवंटात चालणाऱ्या त्या माणसांना आपण लष्करी जागेत शिरतोय हे माहीत होतं, याचा पुरावा नव्हता.

राहिली कॅम्प क्लेबोर्नची जमीन. महायुद्ध संपलं तसा तळ बंद झाला. आज ती जागा किसॅची राष्ट्रीय वनात आहे. पाइनच्या झाडांत जुन्या बराकींचे काँक्रीटचे पाये अजून दिसतात. मालकी अजूनही केंद्राचीच. पण राष्ट्रीय वनांबद्दलचा कायदा स्पष्ट आहे: वन झालं म्हणून राज्याचा फौजदारी अधिकार बदलत नाही. त्या पायांजवळ आज कुणाची गाडी फोडली गेली, तर तक्रार लिहून घ्यायला येतो रॅपिड्स पॅरिशचा (लुइझियानात काउंटीला पॅरिश म्हणतात) शेरीफ.